दोष आढळला नाही

शनिवारी दुपारी मी सातशे वर्षांपूर्वीच्या एका भाष्यकाराच्या तळटीपेशी भांडत बसलो होतो, आणि भांडण माझ्या बाजूला झुकत असतानाच धाकट्या बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, मुंगीनं इस्त्रीवर बोट टेकवलं. चुकून नाही, मुद्दाम." मग म्हणाली, "तिसऱ्यांदा. विचारलं तर म्हणते, सराव करतेय." कसला सराव, हे मी विचारलं नाही. ख्रिस्ती धर्मविद्यालयात तीस वर्षं प्राचीन भाषा शिकवणाऱ्या माणसाला ज्या मोजक्या गोष्टी न विचारता कळतात, त्यांपैकी ही एक होती. मी तळटीपेत पेन्सिल खुणेला ठेवली, पुस्तक मिटलं आणि निघालो. ती पेन्सिल अशी जपून ठेवल्याची लाज मला रस्त्यात, बसची वाट पाहताना वाटली. तोवर वाटली नव्हती.

मुंगी माझी भाची. वय आठ. हे नाव तिला माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या आबांनी, दिलेलं. ती जन्मतःच लहानखुरी होती आणि रांगायला लागल्यापासून स्वतःच्या आकाराहून मोठ्या वस्तू ओढत न्यायची. बहीण शिवणकाम करते. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत दोन यंत्रं, एक लांब टेबल, कापडांचे गठ्ठे, आणि टेबलाच्या टोकाला ती जड इस्त्री. मुंगी त्या टेबलाखाली बसली होती. डाव्या हाताच्या तीन बोटांवर तीन फोड, क्रमानं, पहिला सुकत आलेला, तिसरा ताजा. उजवा हात तिनं लिहिण्यासाठी राखून ठेवला होता. वेडाच्या भरात केलेली गोष्ट इतकी व्यवस्थित नसते.

"किती झाले?" मी खाली वाकून विचारलं.

"चार," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी दोनच सेकंद मोजता आले. मग तीन. आज चार."

"आणि किती मोजायचेत?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी ढ विद्यार्थ्याकडे पाहतो. "मामा, तिथे मोजत नाहीत. तिथे कायमचं असतं. बाईंनी मेणबत्ती लावून दाखवलंय."

टेबलाच्या वरून बहिणीचा आवाज आला, "ऐकलंस? तुमच्या त्या रविवारच्या शाळेत हेच शिकवतात का रे? मी हिला गाणी शिकायला पाठवते. गाणी!" 'तुमच्या' या शब्दावर तिनं जो जोर दिला तो माझ्या वाट्याचा होता, आणि मी तो निमूट घेतला. औषधाच्या दुकानातल्या माणसानं दिलेलं मलम तिनं मुंगीच्या बोटांना लावलं, तेव्हा मुंगीनं हूं की चूं केलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

घरी परतताना माझा राग थंड होत गेला, आणि थंड झालेला राग माझ्या ओळखीचा आहे. त्याच्यावर मी पोट भरतो. नरकात भाजण्याच्या त्या एका कल्पनेवर माणसांनी किती शाई वाळवली आहे, हे मला तोंडपाठ आहे. त्या आगीत उजेड असतो की ती काळोखी आग असते. तिथली माणसं एकमेकांना ओळखतात की नाही. स्वर्गातल्यांना खालचं दिसतं का, आणि दिसत असेल तर त्यानं त्यांच्या सुखात भर पडते की घट. शेवटच्या प्रश्नावर काही थोर, दयाळू, उपवासानं कृश झालेल्या पुरुषांनी 'भर पडते' असं उत्तर दिलं आहे, आणि ते मी परीक्षेला दहा गुणांसाठी विचारतो. नरकाच्या मूळ शब्दाच्या मागे एका जुन्या शहराबाहेरची दरी आहे. तिथे कचरा जळत असे, असं प्रत्येक प्रवचनात सांगतात, आणि त्या कचऱ्याला पुरावा नाही, असं मी प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला सांगतो. मुलं हसतात. मला ते हसणं आवडतं. दरी खरी, कचरा खोटा, आणि आग? आग पुढच्या सत्रात. हे सगळं मोठ्यांचं खेळणं आहे, दाढी आलेल्यांचं. ते आठ वर्षांच्या मुलीच्या हातात कोणी दिलं? कोण ही बाई? मी मनातल्या मनात तिच्यासाठी वाक्यं रचू लागलो, चांगली वाक्यं, ज्यांना उत्तर नसतं.

मेणबत्ती लहानपणी मलाही दाखवली होती. माझ्या बाईंचा चेहरा आठवत नाही, पण त्यांच्या मनगटावरचं घड्याळ आठवतं, कारण त्या त्यात बघून म्हणाल्या होत्या, "एक सेकंद झाला. आता असे सेकंद मोजा, समुद्राच्या वाळूइतके." त्यानंतर कित्येक दिवस मी पलंगावरून पाय खाली लोंबकळू देत नसे. वडिलांच्या ते लक्षात आलं. ते लिफ्ट दुरुस्त करत. चाळीस वर्षं तेच केलं, आणि घरात त्यांच्या विनोदाला तेवढाच एक विषय होता. "वर कोण राहतं मला माहीत नाही, खाली कोण राहतं तेही नाही, माझं गिऱ्हाईक मधे अडकलेलं." मी त्यांना सेकंदांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला कामावर घेऊन गेले. एका मोठ्या इमारतीत त्यांनी लिफ्ट वर थांबवली, तळाचं दार किल्लीनं उघडलं, आणि कंदिलासारखा तारेत बसवलेला दिवा घेऊन मला शिडीनं खाली उतरवलं. लिफ्टच्या खाली खड्डा असतो, हे फार लोकांना ठाऊक नसतं. छातीएवढा खोल. "हे सगळ्यात खालचं," ते म्हणाले. "याच्या खाली काही नाही. बघून घे नीट." मी बघितलं. ग्रीस, दोन जाड स्प्रिंगा, एक कंगवा, कोणाची तरी किल्ली, एका लहान मुलाचा बूट. वडिलांनी बूट उचलला, पुसला, खिशात घातला. वर आल्यावर त्यांनी दारोदार फिरून विचारलं, कुणाचा आहे. तिसऱ्या मजल्यावर सापडला मालक. पाय मोठे झाले होते त्याचे, पण त्याच्या आईनं बूट घेतला. मी त्या रात्री पाय लोंबकळत ठेवून झोपलो. आणि तरीही पुढे मी झालो तो विद्वान झालो, लिफ्टवाला नाही. भीती गेली की तिची जागा मोकळी राहते. मी तिथे पुस्तकं लावली.

वडील या वर्षी गेले, चार महिने झाले. आई गेल्यावर त्यांनी मंडळीत, म्हणजे चर्चला, जाणं सोडलं होतं. भांडून नव्हे, विचारलं की म्हणायचे, "नेमक्या रविवारीच लिफ्टा बंद पडतात, त्याला मी काय करू?" इस्पितळात मंडळीचे पाळक आले तेव्हा ते शुद्धीवर होते. पाळक म्हणाले, मनात काही असेल तर मोकळं करा. ते म्हणाले, "साहेब, मी अडकलेल्या माणसांना बाहेर काढत आलो. कोण कुठल्या मजल्यावरचा, विचारलं नाही. आता मी अडकलोय. बघू या कोण येतंय." पाळक बिचारे हसले, आणि मग हसायचं होतं की नाही या विचारानं कावरेबावरे झाले. दफनाच्या दिवशी चुलत आत्या खुर्चीत रुमाल पिळत म्हणाली, "शेवटपर्यंत विश्वास कबूल केला नाही हो यानं. शेवटपर्यंत." मुंगी तिच्या शेजारच्याच खुर्चीत होती, पाय जमिनीला न टेकणारे. मी खोलीत होतो. मी ऐकलं. माझ्या मनात त्या क्षणी आलं ते असं, की या प्रश्नावर परंपरेत एकमत नाही. मी मनात तेवढं म्हटलं आणि चहाच्या टेबलाकडे गेलो.

रविवारी सकाळी वर्ग सुटल्यावर मी त्या शाळेच्या खोलीत शिरलो. उतरत्या छताची खोली, भिंतीवर मुलांनी रंगवलेली मेंढरं, त्यातलं एक निळं. बाई खुर्च्या रचत होत्या. पन्नाशीच्या, टपाल कार्यालयात खिडकीवर बसणाऱ्या. मला त्या चेहऱ्यानं माहीत होत्या, जसा खिडकीमागचा चेहरा माहीत असतो. मला पाहून त्यांनी पदर सावरावा तसे हात सावरले. "सर! तुम्ही स्वतः? बसा ना. अगंबाई, सगळ्या छोट्याच खुर्च्या आहेत." मी त्यातल्याच एकीवर बसलो, आणि गुडघे हनुवटीशी आल्यावर माझी रात्रभर घासलेली वाक्यं एकाएकी हास्यास्पद झाली. तरी मी पहिलं वाक्य टाकलं. विचारलं, आठ वर्षांच्या मुलांना मेणबत्तीवर बोट धरायला लावणं हे त्यांना कुणी शिकवलं.

"पुस्तकातच आहे, सर," त्या म्हणाल्या. त्यांना माझा स्वर कळला नव्हता. त्यांना वाटलं मी पाहणीला आलोय. "पाठ सातवा. पण मी आधी माझं बोट धरते हं, मुलं घाबरू नयेत म्हणून. आणि त्यांना अगदी लांबूनच. एक वीत. तुम्हीच तसं लिहिलंत ना." त्यांनी तर्जनी पुढे केली. टोकाला त्वचा काचेसारखी गुळगुळीत होती; दर वर्षी एक पाठ, असा हिशेब मला नको असताना झाला.

"मी?" मी म्हणालो.

त्या कपाटाकडे गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक गठ्ठा घेऊन आल्या. धर्मशिक्षण मंडळ मुलांसाठी जे जे छापतं ते छापण्याआधी मी तपासतो. गेली अठरा वर्षं. सिद्धांताला बाधा येणारं काही नाही ना, संदर्भांचे अध्याय बरोबर आहेत ना, एवढंच बघायचं, आणि शेवटच्या पानावर लिहायचं: दोष आढळला नाही. खाली सही. चाळीसेक पुस्तिका झाल्या असतील. एकही मला आठवत नाही. ही हस्तलिखित प्रत होती, बाईंच्या गोल, खिडकीवरच्या पावत्यांसारख्या स्वच्छ अक्षरातली. पुस्तिका त्यांनी लिहिली होती. आणि त्या अक्षरावर लाल शाईत माझं अक्षर. "जपून ठेवलंय, सर. एवढ्या मोठ्या माणसानं आपलं इतकं बारकाईनं वाचलं, कोण वाचतं हो?" पाठ सातवा. त्यांनी लिहिलं होतं: मुलांना ज्योतीजवळ बोट धरण्यास सांगावे. मी 'ज्योतीजवळ' खोडलं होतं. समासात: 'जवळ' मोघम आहे. 'ज्योतीपासून एक वीत अंतरावर' असे हवे. मी ते वाक्य वाचलं होतं. त्याला हात लावला होता. त्यातली मूल, बोट आणि ज्योत ही तिन्ही नामं माझ्या नजरेखालून गेली होती आणि मला खटकलं होतं ते एक अव्यय.

"मुंगीनं," मी म्हणालो, मग म्हणालो, "माझ्या भाचीनं तुम्हाला काही विचारलं होतं का?"

बाई माझ्यासमोर बुटक्या खुर्चीवर बसल्या. "ती मुंगी होय? आम्ही नावानं हाक मारतो. हो, विचारलं ना. गेल्याच्या गेल्या रविवारी. हात वर करून, अगदी शहाण्यासारखं. म्हणाली, माझे आबा तिथे आहेत का? मला काय बोलावं सुचेना. मग पुस्तकात आहे तेच बोलले. शेवटी प्रश्नोत्तरं आहेत ना, त्यातलं. 'देव न्यायी आहे.' तिनं मान डोलावली. म्हणाली, 'म्हणजे आहेत,' आणि खाली बसली. मी चुकले का, सर?"

मी पानं उलटली. प्रश्न नववा: ज्यांनी विश्वास ठेवला नाही, परंतु आपण ज्यांच्यावर प्रेम करतो, त्यांचे काय? खाली बाईंचं उत्तर, चार ओळींचं. आपल्याला ठाऊक नाही. परंतु आपण त्यांच्यावर जेवढे प्रेम करतो त्याहून अधिक प्रेम देव त्यांच्यावर करतो, हे ठाऊक आहे. म्हणून आपण आशा धरावी आणि त्यांची आठवण काढावी. चारही ओळींवर एक सरळ लाल रेघ, पट्टी लावून मारलेली. समासात: आधार? भावनिक. वगळावे. आणि वर, माझ्या सुबक अक्षरात, तीन शब्द: देव न्यायी आहे.

"तेव्हा वाईट वाटलं होतं थोडं," बाई म्हणाल्या. "पण तुमचं बरोबरच होतं, सर. माझे वडीलही तसेच गेले होते, कुणालाच न मानता. मी ते त्यांच्यासाठी लिहिलं होतं. म्हणजे आपल्या सोयीनंच लिहिलं ना? मुलांच्या पुस्तकात आपली सोय कशी चालेल." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की मला त्यात टोमणा शोधूनही सापडला नाही. असता तर मी त्याला धरून वर आलो असतो.

मग मी त्यांना इस्त्रीचं सांगितलं. तीन बोटं, दोन, तीन, चार. त्या ऐकत असताना उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत घट्ट धरून बसल्या. "घाबरून?" त्यांनी विचारलं. आणि त्याच क्षणी, त्यांच्या त्या प्रश्नामुळे, मला कळलं की कालपासून मीही तेच धरून चाललो होतो, आणि ते चूक होतं. घाबरलेलं मूल आगीपासून दूर पळतं. जी सराव करते, तिला जायचं असतं. मी ते मोठ्यानं म्हटलं नसावं, पण बाई उठल्या, खण उघडला, त्यातला मेणबत्त्यांचा पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला, जणू मी जप्तीवर आलो होतो. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. "पुढच्या रविवारी काय शिकवू?" त्या म्हणाल्या.

"तुमचं उत्तर शिकवा. जुनं."

"त्याला आधार नाही ना, सर."

"नाही," मी म्हणालो. माझ्याकडे तेवढंच होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वाक्यांना टेकू शोधून दिले किंवा त्यांचे काढून घेतले. बिनटेकूचं वाक्य कसं उभं राहतं हे पाहायची वेळच आली नव्हती. पुस्तिका सगळीकडे गेली होती, किती वर्गांत, किती मुलांनी हात वर केला होता, आणि किती जणांनी मान डोलावून खाली बसणं पसंत केलं होतं, हे मंडळाला पत्र लिहून परत मागवता येत नाही. पत्र मी लिहीन. सही मागे घेतो असं लिहीन. मंडळ आभार मानील आणि ते पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवून ठेवील.

बहिणीकडे पोचलो तेव्हा ती रविवार असूनही कुणाच्या तरी घाईच्या कामावर होती; यंत्र चालू, टेबलाच्या टोकाला इस्त्री तापत ठेवलेली, आणि मुंगीला त्या टोकापासून जितकं लांब बसवता येईल तितकं लांब, उंच स्टुलावर, उसवलेल्या शिवणीतले धागे वेचायला बसवलेलं. मी तिच्याजवळ स्टूल ओढलं.

"मुंगे, आबांकडे जायचा बेत आहे म्हणे तुझा."

ती धागा सोडून माझ्याकडे पाहू लागली. "कुणी चुगली केली?"

"वारुळात बातमी फुटली."

तिनं आईकडे पाहिलं. यंत्राचा आवाज होता. मग पुटपुटली, "आबांना एकट्याला नाही आवडत. टीव्हीसुद्धा मी आल्याशिवाय लावायचे नाहीत. आणि चष्मा त्यांचा इथेच राहिलाय. पण मला अजून चारच येतात, मामा. चारच्या पुढे हात आपोआप उचलला जातो. सवय होईल ना? आई म्हणते, सगळ्याची सवय होते."

"आबा तिथे नाहीत," मी म्हणालो.

"कशावरून?"

हा प्रश्न मी तीस वर्षं इतरांना विचारत आलो, याच दोन भुवयांनी. माझ्यामागे सगळे उभे राहिले, उजेडवाले, काळोखवाले, कृश आणि दयाळू. एकानंही तोंड उघडलं नाही. "मी सांगतो म्हणून," मी म्हणालो.

"पुस्तकात आहे?"

"नाही. पुस्तकात नाही."

आश्चर्य म्हणजे तिला ते पटलं. पुस्तकं म्हणजे तिच्या मामाचं घरच. तिथे नसलेली गोष्ट तो सांगतोय म्हणजे कुठून तरी आणली असणार. तिचे खांदे सैल झाले. तिनं दोन धागे वेचले, तिसरा ओढता ओढता थांबली. "मग तिथे कोण आहे?"

"माहीत नाही."

"पण जे असतील, त्यांच्याजवळ कोण बसतं?"

या विषयावर जे लिहिलं गेलं आहे ते मी बहुतेक वाचलं आहे. हा प्रश्न मी कुठे वाचलेला नाही. वरून खाली पाहणाऱ्यांचे विचार आहेत, खाली ढकलणाऱ्यांचे आहेत; खाली उतरून शेजारी बसायला निघालेल्या माणसाची तळटीपसुद्धा नाही. मुंगी उत्तराची वाट पाहत होती आणि तिचा डावा हात मांडीवर उलटा पडला होता, तीन फोड वर करून, चौथं बोट कोरं. मला दिसलं की मी गप्प राहिलो तर उद्या ते कोरं राहणार नाही. "मी बसेन," मी म्हणालो.

"तू?"

"हो. माझी जागा ठरली. तू यायचं नाहीस."

"मामा, तुला तर चहा फुंकून फुंकून लागतो," ती म्हणाली, खरोखरीच्या काळजीनं. "तुला एकसुद्धा नाही मोजता येणार."

"येईल."

"नाही येणार."

मी उठलो आणि टेबलाच्या त्या टोकाला गेलो. तिला धडा द्यायचा होता असं मी आता म्हणू शकेन, पण ते खरं नाही. मनात काहीच नव्हतं, फक्त एक लाल सरळ रेघ, पट्टी लावून मारलेली. मी उजव्या हाताची तर्जनी, लिहिण्याची, इस्त्रीच्या कडेला लावली. मोठ्यानं "एक" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. स्टूल पडल्याचा आवाज आला. मुंगीनं दोन्ही हातांनी, फोडांसकट, माझा हात धरून मागे ओढला, इतक्या जोरानं की आम्ही दोघंही कापडांच्या गठ्ठ्यांवर पडलो. ती ओरडत होती, "नको, मामा, नको, नको ना," आणि माझ्या बोटावर फुंकर घालत होती, आणि फुंकर घालताना रडत होती, तीन दिवसांचं सगळं एकदम, नाक, डोळे, हुंदके. यंत्र थांबलं. बहीण उभी राहिली, तिनं आधी भिंतीतली पिन उपटली, मग माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"छान," ती म्हणाली. "विद्वान झाले भाजून. आता आणखी कोण राहिलंय? सांगा, म्हणजे एकदाच तापवते."

"कुणी नाही!" मुंगी किंचाळली. ती माझं बोट सोडायला तयार नव्हती. आईला, मला, आणि खोलीत नसलेल्या कितीतरी जणांना तिनं एकदमच दटावलं. "कुणीच नाही जायचं तिथे. आबा नाही, मामा नाही, कुणीच नाही. मी सांगते म्हणून."